गुरुवारची वही

"येताना काही वाटायला आणू नका."

मुंबईतल्या एका महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचं, म्हणजे एनएसएसचं, काम बघणाऱ्या प्राध्यापकांनी मला फोनवर एवढी एकच अट घातली. बिस्किटं नकोत, चादरी नकोत, जुने कपडे तर नकोतच. संपादकांनी अंकासाठी 'घर' हा विषय दिला होता आणि ज्यांना घर नाही त्यांच्याविषयी लिहायचं मी ठरवलं होतं. बेघरांसाठी काम करणारी मुलं रिकाम्या हातांनी जातात हे ऐकून मला नवल वाटलं. त्या नवलापोटीच मी गेले, आणि पावसाळ्याचे तीन महिने जात राहिले.

महाविद्यालयाचं, मुलांचं आणि फुटपाथवरच्या माणसांचं नाव इथे देत नाही. मुलांना प्रसिद्धी नको आहे. फुटपाथवरच्या माणसाचं नाव आणि जागा छापून आली तर त्याला काय भोगावं लागतं, ते पुढे येईलच.

गुरुवार, रात्रीचे साडेदहा. दादर पश्चिमेला फुलबाजाराच्या बाजूला चार मुली आणि तीन मुलगे जमले होते. बहुतेक सगळे दुसऱ्या वर्षाला. एका मुलीच्या हातात पुठ्ठ्याची जाड फुलस्केप वही, पावसामुळे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. वहीवर शाईनं लिहिलं होतं : क्रमांक ३.

बंद दुकानाच्या पायरीवर एक बाई विकून उरलेल्या फुलांचे गजरे ओवत बसल्या होत्या. मुलं त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. उभं राहून बोलायचं नाही, हा इथला पहिला नियम.

"मागल्या गुरुवारी आला न्हाईत," बाई म्हणाल्या.

"आलो होतो मावशी. तुम्ही पुलाखाली गेला होतात. तिथंही शोधलं."

"गाडी आली व्हती ना. सामान उचललं. म्हून गेलो."

मुलीनं वहीत लिहिलं. सामान उचलणारी पालिकेची गाडी कोणत्या दिवशी आली, काय काय गेलं. बोचक्यात दोन पातेली, मुलाची दप्तराची पिशवी आणि रेशनकार्डाची झेरॉक्स होती. मूळ कार्ड जालना जिल्ह्यातल्या गावी, दिराकडे. झेरॉक्स गेली याचंच मुलांना सर्वात वाईट वाटलं, कारण ती मिळवायला त्यांना पाच आठवडे लागले होते.

चादर ठेवायची कुठे

पहिल्या वर्षी हा गटही वाटपच करत होता, प्राध्यापकांनी सांगितलं. वर्गणी काढून मुलांनी चादरी आणल्या आणि जानेवारीतल्या एका रात्री वाटल्या. फोटो काढले. पुढच्या आठवड्यात त्यातल्या निम्म्याही चादरी दिसेनात. मुलं नाराज झाली. कोणी म्हणालं, विकल्या असतील. मग एका आजींनी विचारलं, "बाळा, चादर दिली ते बरं केलंस. पण दिवसा ती ठेवू कुठं?"

त्या प्रश्नानं या कामाची दिशा बदलली. घर नसणं म्हणजे डोक्यावर छप्पर नसणं, एवढंच आपण धरून चालतो. घर ही वस्तू ठेवायची जागाही असते. तिथे कपाट असतं, कपाटात फाइल असते, फाइलीत जन्माचा दाखला असतो. फुटपाथवरचा माणूस सकाळी सहाला उठतो तेव्हा दुकानं उघडायच्या आत त्याला सगळं गुंडाळावं लागतं. जे अंगावर वाहून नेता येईल तेवढंच त्याचं. केटरिंगमध्ये वाढप्याचं काम असेल किंवा नाक्यावर बिगारी म्हणून उभं राहायचं असेल, तर बोचकं पाठीवर घेऊन कसं जाणार? मग ते झाडाच्या ढोलीत, कठड्यामागे, एखाद्या ओळखीच्या टपरीवाल्याकडे ठेवायचं आणि संध्याकाळी असेल तर आपलं म्हणायचं.

फुटपाथवरची बहुतेक मोठी माणसं काम करतात. हे मी मुद्दाम सांगते, कारण मध्यमवर्गीय घरांत याच्या उलट समज पक्का बसलेला आहे. ती रात्री बाजारात हमाली करतात, लग्नांत ताटं वाढतात, काचपत्रा वेचतात, सिग्नलला वस्तू विकतात, इमारतींच्या कामावर विटा वाहतात. काम जिथे आहे तिथेच ती झोपतात, कारण पहाटे चारला फुलांची गाडी येते तेव्हा विरारहून पोचता येत नाही. शिवाय रस्त्यावर राहणं फुकट नसतं. सार्वजनिक संडासाला पैसे, अंघोळीला पैसे, मोबाइल चार्ज करायला पैसे, प्यायचं पाणीही बऱ्याचदा विकत. स्वयंपाकाला जागा नसली की वडापाव विकत घेऊन पोट भरावं लागतं, आणि ते घरच्या भाकरीपेक्षा महाग पडतं.

अन्नवाटपाबद्दलही मुलांचं मत अनुभवातून बनलेलं आहे. सणावाराला एका रात्रीत चार-चार संस्थांच्या गाड्या येतात, अन्न वाया जातं. जुलैत आठवडाभर पाऊस कोसळतो तेव्हा कोणी फिरकत नाही. अन्न देणाऱ्यांना नावं ठेवायचा मुलांचा हेतू नाही. भुकेल्याला अन्न मिळालंच पाहिजे. पण ते देणारे बरेच आहेत, आणि रांगेत सोबत उभं राहणारा कोणीच नाही, असं त्यांना दिसलं. म्हणून त्यांनी रांग निवडली.

अंगठा उमटत नाही

एका शनिवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर आधार केंद्रावर गेले. पन्नाशीचे एक काका होते, आयुष्यभर बिगारी काम केलेले. सोबत दोन मुली. काकांनी तिसऱ्यांदा आधारसाठी अर्ज केला होता आणि आधीचे दोन्ही अर्ज फेटाळले गेले होते. का, ते त्यांना कोणी समजावून सांगितलं नव्हतं. मुलींनी पावत्या घेऊन चौकशी केली तेव्हा कळलं, की त्यांचं आधार गावी काही वर्षांपूर्वी निघालं होतं. कोणीतरी गावात शिबिर घेतलं, बोटं टेकवली, कार्ड कधी हातात आलंच नाही. यंत्रणेच्या लेखी ते आधीच आधारधारक, म्हणून प्रत्येक नवा अर्ज दुबार ठरून बाद. काकांना नवीन कार्ड नकोच होतं, जुना क्रमांक शोधायचा होता. तो बोटांच्या ठशांवरून शोधता येतो.

पण ठसे उमटेनात. सिमेंट आणि विटांनी बोटांवरच्या रेषा घासून गेल्या होत्या. केंद्रातल्या मुलानं बोटं पुसायला लावली, ओली करायला लावली, पुन्हा टेकवली. मग एका मुलीनं विचारलं, "डोळ्यांवरून होईल का?" झालं. सव्वादोन तासांनी काकांच्या हातात कागद आला. त्यावर छापलेला पत्ता बीड जिल्ह्यातल्या अशा गावाचा होता जिथे आता त्यांचं कोणी नाही. तो कागद त्यांनी कितीतरी वेळ हातात धरला होता, आणि मग त्या मुलीला म्हणाले, "तूच ठेव पोरी. माझ्याकडं भिजंल."

तिनं तो ठेवला नाही. प्लॅस्टिकचं पाकीट दिलं, एक प्रत महाविद्यालयाच्या कपाटातल्या फाइलीत लावली आणि क्रमांक वहीत लिहिला नाही. वही हरवू शकते, क्रमांक कोणाच्याही हाती लागू शकतो. हा नियम त्यांना कोणी शिकवलेला नव्हता, त्यांनीच बसून ठरवला होता.

ज्याच्याकडे एकही कागद नाही त्याच्यासाठीही नियमांत वाट आहे. मान्यताप्राप्त निवारा केंद्राच्या प्रमुखानं ठरावीक नमुन्यात दाखला दिला तर तो पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. राजपत्रित अधिकारी किंवा लोकप्रतिनिधीही असा दाखला देऊ शकतात. पण मळक्या कपड्यांतल्या माणसाला त्या अधिकाऱ्याच्या दारातून आत सोडत नाहीत. महाविद्यालयाचं ओळखपत्र गळ्यात असलेली मुलगी शेजारी असली की सोडतात. या मुलांच्या हातात असलेलं सगळ्यात मोठं साधन हेच आहे, आणि त्याची त्यांना लाज वाटते. "सर, आम्ही फक्त शेजारी उभे होतो," एका मुलाचे शब्द प्राध्यापकांनी मला सांगितले. "त्यांचंच काम, त्यांचाच हक्क. मग आमची गरज का पडावी?"

एका रात्रीची मोजणी

देशात बेघर किती, याचा सरकारी आकडा एका रात्रीत तयार होतो. २०११च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री प्रगणक रस्त्यांवर फिरले. फुटपाथ, पुलाखालच्या जागा, जिन्यांखालचे कोपरे, सिमेंटचे मोठे पाइप, देवळांचे मंडप, रेल्वे फलाट अशा ठिकाणी उघड्यावर झोपलेल्यांना त्यांनी मोजलं. देशभरात १७ लाख ७३ हजार माणसं निघाली. मुंबईत ५७ हजारांच्या वर. ज्यानं त्या रात्री लग्नात वाढप्याचं काम केलं आणि पहाटे परतला, तो या आकड्यात असेलच असं नाही. त्यानंतर देशात जनगणना झालेली नाही. पुढची २०२७ची.

सर्वोच्च न्यायालयानं २०१०मध्ये अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सांगितलं, की मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे चोवीस तास चालणारं एक निवारा केंद्र हवं. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात तोच निकष आला, दर माणशी ५० चौरस फूट जागा ठरली. २०११ची मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. म्हणजे केंद्रं हवीत १२४. आज आहेत ती या संख्येच्या जवळपासही नाहीत.

जी आहेत, तिथेही सगळे जात का नाहीत? मुलांना सुरुवातीला हे कळत नव्हतं. पुरुषांचं केंद्र वेगळं, बायकांचं वेगळं, मुलांचं वेगळं. नवरा-बायको आणि तीन लेकरं असं कुटुंब असेल तर त्याची फाटाफूट करावी लागते. दादरच्या मंडईत पहाटे उभं राहायचं आणि निवारा दूरच्या उपनगरात, हेही जमत नाही. फुटपाथवर शेजारीण लेकरावर नजर ठेवते, ती सोय तुटते. निवारा नाकारणारा माणूस हट्टी असतो असं नाही. त्यानं हिशोब केलेला असतो.

नागपाड्यापासून

विद्यार्थी आणि फुटपाथ यांचं मुंबईतलं नातं जुनं आहे. टाटा समाजविज्ञान संस्था आज देवनारला आहे, पण १९३६मध्ये ती सुरू झाली भायखळ्याजवळच्या नागपाड्यात. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी तिथे नागपाडा नेबरहूड हाउस चालवलं होतं आणि तेच संस्थेचे पहिले संचालक झाले. समाजकार्य वस्तीत राहून शिकायचं, ही कल्पना तिथली. याच संस्थेच्या 'कोशिश' या प्रकल्पानं २००६पासून भीक प्रतिबंधक कायद्याखाली अडकलेल्या आणि रस्त्यावर राहणाऱ्या माणसांसोबत काम केलं.

त्याच भायखळ्याच्या फुटपाथांवर पुढे मोठी गोष्ट घडली. १९८१च्या जुलैत, भर पावसात, मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फुटपाथवासीयांना उठवून गावी धाडायचा आदेश दिला. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर न्यायालयात गेले. १९८५मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठानं निकाल दिला : जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. फुटपाथवर राहायचा हक्क मात्र न्यायालयानं दिला नाही. रीतसर कारवाई करून हटवता येईल, पण पावसाळा संपून ३१ ऑक्टोबर उलटल्याशिवाय नाही, असं सांगितलं.

त्याच वर्षी शीला पटेल आणि त्यांच्या 'स्पार्क' संस्थेच्या सहकाऱ्यांनी भायखळ्याच्या परिसरातल्या फुटपाथवासीयांची घरोघर गणती केली. ही 'घरं' म्हणजे ताडपत्री आणि पुठ्ठे. त्या गणतीतून 'महिला मिलन' उभं राहिलं. फुटपाथवरच्या बायकांनी रोज थोडे थोडे पैसे बाजूला टाकले, जमिनीसाठी सरकारदरबारी खेटे घातले, आणि पुढे त्यांतल्या कुटुंबांची मानखुर्दला मिलन नगर ही पक्की वसाहत झाली. फुटपाथवरून पक्क्या घरात जाता येतं याचा पुरावा याच शहरात आहे. त्याला लागतं ते वर्षानुवर्षं टिकणारं माणसांचं संघटन, आणि त्याची सुरुवात झाली होती वहीत नावं लिहिण्यापासून.

वासुदेवही गुन्हेगार

मुलं वहीत पूर्ण नाव आणि नेमकी जागा एकत्र लिहीत नाहीत. त्याचं कारण १९५९चा मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियम. महाराष्ट्रात तो अजून कायम आहे. त्यातली भिकेची व्याख्या मुलांनी एका बैठकीत मोठ्यानं वाचली तेव्हा मी तिथे होते. गाणं म्हणून, नाचून, भविष्य सांगून, कसरत करून किंवा काही वस्तू विकायच्या निमित्तानं पैसे घेणं, हे त्यात येतंच. त्यापुढे जाऊन, उदरनिर्वाहाचं काही साधन दिसत नसताना सार्वजनिक जागी अशा अवस्थेत फिरणं की हा भीक मागून जगत असावा असं वाटावं, हेही येतं. म्हणजे हात पुढे केला नाही तरी पकडता येतं. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं डांबता येतं, पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत.

वाचन थांबलं. सोलापूरकडची एक मुलगी म्हणाली, "मग आमच्या गल्लीत पहाटे येणारा वासुदेव? पोतराज? नंदीबैलवाला?"

कायद्याच्या शब्दांनुसार तेही. मुंबई-पुण्याच्या फुटपाथांवर भटक्या-विमुक्त समाजांतली माणसं इतकी का दिसतात, याचं उत्तर इथे शोधावं लागतं. ज्यांच्या जमातींना इंग्रजांनी १८७१च्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवलं, ज्यांचा तो शिक्का १९५२मध्ये पुसला गेला, त्यांच्या हाती ना जमीन होती ना गावात जागा. पारधी कुटुंबाला आजही कित्येक गावांत वस्ती करू दिली जात नाही. भीक प्रतिबंधक कायद्यातली भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं दिल्ली उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१८मध्ये दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रानं हा कायदा स्वतःहून रद्द करायला हवा. जिथे तो जन्मला तिथेच तो अजून जिवंत आहे, ही आपल्याला शोभणारी गोष्ट नाही.

टाटाच्या समोर

परळला टाटा रुग्णालयासमोरच्या फुटपाथवर मुलं वेगळी बसतात, वेगळं बोलतात. इथली माणसं घर असलेली आहेत. नांदेडला, गोरखपूरला, मुर्शिदाबादला. केमोच्या दोन फेऱ्यांमध्ये गावी जाऊन यायला पैसे नाहीत म्हणून ती महिनोन्‌महिने इथे राहतात. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत बेघरांना आसरा आहे, आणि दादरला त्यांच्या नावानं चालणाऱ्या धर्मशाळेत कर्करोगाच्या रुग्णांची आणि नातलगांची सोय होते. पण खाटा मोजक्या, माणसं अनेक.

इथे मुलांचं काम फोनवर चालतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड हवं आणि ते गावी पत्र्याच्या पेटीत. पेटीची किल्ली भावजयीकडे. मुलं त्या भावजयीला फोन लावतात, फोटो मागवतात, छापून घेतात, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या टेबलापर्यंत सोबत जातात. एका रात्री एका मुलानं गावच्या दुकानदाराला कार्ड कसं धरून फोटो काढायचा हे वीस मिनिटं समजावलं. त्याचा आवाज एकदाही चढला नाही.

काही माणसांपुढे मात्र ही मुलं थांबतात. स्वतःशीच बोलणारा, जखमेत किडे पडलेला, कोणालाच जवळ येऊ न देणारा एक तरुण त्यांना माटुंग्याला दिसला होता. अशा वेळी हात घालायचा नाही, हेही वहीत पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे. पोलिसांना कळवायचं, कारण २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा माणसाची जबाबदारी पोलिसांवर टाकली आहे. आणि कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रासारख्या ठिकाणी विचारायचं. डॉ. भरत वाटवानी यांना २०१८चा मॅगसेसे पुरस्कार ज्या कामासाठी मिळाला ते हेच, रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवण्याचं. विशीतल्या मुलांनी आपली मर्यादा ओळखणं हा मला त्यांच्या कामातला फार मोठा गुण वाटला.

मे महिना

एनएसएसच्या स्वयंसेवकाला दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात. "तास भरले का?" हा प्रश्न प्रत्येक महाविद्यालयात ऐकू येतो. तास भरले की प्रमाणपत्र मिळतं. प्रमाणपत्रात वाईट काही नाही. वाईट आहे ते हे, की तास संपतात तेव्हा समोरच्या माणसाचं काम अर्धं राहिलेलं असतं.

मार्चमध्ये परीक्षा, एप्रिल-मेमध्ये सुट्टी, जूनमध्ये प्रवेश. मुलांची मागची तुकडी गेली तेव्हा नऊ जणांचे अर्ज अडकले होते. नवीन मुलं ऑगस्टमध्ये आली. तोवर दोन माणसं सापडेनाशी झाली होती आणि एक आजी वारल्या होत्या. नायर रुग्णालयाजवळ राहणाऱ्या एका बाईंनी नव्या मुलांना सरळ सांगितलं, "पुन्हा पहिल्यापासून इचारू नका. आमचं समदं तुमच्या आधीच्यांना सांगितलंय."

त्यातून ही वही आली. आता जानेवारीपासूनच पहिल्या वर्षाची मुलं सोबत फिरतात. जुन्या मुलानं नव्याची ओळख माणसासमोर करून द्यायची, "आता ही येईल माझ्याऐवजी," असं तोंडानं सांगायचं. मेमध्ये मुंबईतच राहणारी दोन मुलं गुरुवार चुकवत नाहीत. पदवी झालेली एक मुलगी नोकरी सांभाळून अजून येते. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाचे विद्यार्थी १९८३पासून एका चर्चच्या तळघरात हिवाळ्यातलं रात्रनिवारा केंद्र चालवतात. तिथेही विद्यार्थी दर चार वर्षांनी बदलतात, तरी केंद्र टिकलं, ते कामाची सूत्रं एका तुकडीनं दुसरीकडे सोपवल्यामुळे. आपल्याकडची मुलं त्यांच्याहून कमी नाहीत. त्यांना निवारा चालवायला द्यावा असं मी म्हणत नाही, ते पालिकेचं काम आहे आणि पालिकेनंच करावं. पण तास मोजणाऱ्या व्यवस्थेनं आठवडे मोजायला शिकावं. किती तास काम केलं याबरोबरच, त्याच माणसाकडे किती वेळा परत गेलात, हे विद्यापीठानं विचारावं.

मुलींच्या वाटेतल्या अडचणी वेगळ्या. वसतिगृहाचं दार दहाला बंद होतं. घरून परवानगी मिळत नाही. बदलापूरच्या एका मुलीचे वडील पहिले दोन महिने स्वतः तिच्यासोबत यायचे, लांब उभे राहायचे. तिसऱ्या महिन्यात तेही बसू लागले. सुरक्षारक्षकाचं काम करतात ते. त्यांना फुटपाथवर गावाकडचा एक ओळखीचा भेटला.

फॉर्म सहा

सप्टेंबरातल्या शेवटच्या फेरीत गजरेवाल्या मावशींसमोर मुलीनं एक कागद ठेवला. मतदार नोंदणीचा अर्ज, फॉर्म क्रमांक सहा. निवडणूक आयोगाच्या सूचना बेघरांबाबत स्पष्ट आहेत. पत्त्याचा पुरावा नसला तरी चालतो. अर्जात जी जागा लिहिली असेल तिथे बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, रात्री येतो, एकाहून जास्त रात्री येतो, आणि माणूस खरोखर तिथे झोपतो का हे पाहतो. झोपत असेल तर नाव यादीत घालता येतं. जिथे झोपतो तोच पत्ता, हे मान्य करणारी एवढी साधी तरतूद मी दुसरी पाहिलेली नाही.

"पत्ता काय लिहू मावशी?"

मावशींनी मागे वळून दुकानाची पाटी पाहिली. वाचता येत नसल्यानं त्यांनी बोट दाखवलं. मुलीनं पाटीवरचं नाव लिहिलं, पुढे 'समोरील फुटपाथ' असं जोडलं. मग थांबली. "पण त्या रात्री गाडी आली तर?"

उत्तर तिथे कोणाकडेच नव्हतं. अर्ज गेला आहे. हा लेख छापायला जाईपर्यंत बीएलओ आलेला नव्हता.

वाचकहो, तुमच्या इमारतीसमोर, दुकानाच्या पायरीवर, रोजच्या बसथांब्यामागे कोणी वर्षानुवर्षं झोपत असेल. त्याचा चेहरा तुम्हाला माहीत आहे. एखाद्या रात्री मतदार यादीचा माणूस चौकशीला आला आणि त्यानं तुम्हाला विचारलं, तर "हो, हे इथेच राहतात," एवढं त्याला सांगा.